भोकाची जागा

लालबागच्या एखाद्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात चांगली, सरळ फिरणारी रिम घेऊन जा आणि म्हणा, "काका, हिला भोकं पाडून द्या." काका आधी रिमकडे बघतील, मग तुमच्याकडे. चाकाचा आऊट काढणं, गंजलेले स्पोक बदलणं, थोडक्यात चाक धड ठेवणं, यात त्यांचा जन्म गेलेला. धडधाकट रिमला ड्रिल लावणाऱ्याला ते खुळ्यात काढतील आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

ट्रायल्स सायकलिंग करणारे मात्र हेच करतात. हा खेळ आपल्याकडे फारसा दिसत नाही. 1980च्या आसपास स्पेनच्या कॅटालोनियात तो मोटरसायकलच्या ट्रायल्समधून सायकलवर उतरला. वेगाशी त्याचा संबंध नाही. खडक, ओंडके, सिमेंटचे ठोकळे यांवरून पाय न टेकता उड्या मारत पलीकडे जायचं. पाय टेकला की चूक मोजली जाते. मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड पाहून या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटेल (तिथे कुणी हा प्रयोग करू नये). या सायकलला बहुधा सीटच नसते. बसायचंच नाही, तर सीट कशाला वागवायची?

स्वार मागच्या चाकावर, ब्रेक आवळून, जागच्या जागी तोल सांभाळत उभा असतो. मग ब्रेक सोडून पॅडलला एकच जोरकस झटका देतो आणि त्या झटक्यासरशी सायकलसकट वर झेपावतो. थांबलेलं चाक क्षणात फिरायला हवं, पुन्हा क्षणात थांबायला हवं. वजन चाकाच्या कडेला असलं की ते पुढेही न्यावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं. त्यामुळे वेग घेताना रिममधला एक ग्रॅम फ्रेममधल्या जवळजवळ दोन ग्रॅमांइतका जड पडतो.

बरं, मग रिमच अरुंद का घेत नाहीत? कारण टायरमध्ये हवा कमी ठेवायची असते. टायर दगडाच्या कंगोऱ्यावर दबून बसला, तरच पकड मिळते. पण कमी हवेचा टायर अरुंद रिमवर कुशीला वळतो. म्हणून मागची रिम 45 मिलिमीटरच्या आसपास रुंद घ्यावी लागते. रुंदी आली की पत्रा वाढला, पत्रा वाढला की वजन वाढलं. ड्रिल लागतं ते या वाढलेल्या पत्र्याला.

हे भोक कुठेही पडत नाही. स्पोकचा सगळा ताण तो रिमला जिथे जोडला जातो त्या निपलपाशी गोळा होतो, तिथे हात लावायचा नाही. रिमच्या दोन्ही भिंतींनी टायरची कड धरून ठेवायची असते आणि ब्रेकही सोसायचा असतो. रिमवर दाबणारा ब्रेक असेल, तर ओल्यातही पकड मिळावी म्हणून त्या भिंती ग्राइंडरने मुद्दाम खरबरीत करतात. उरतो तो दोन स्पोकांच्या मधला, तळाचा पत्रा. त्याला त्या मानाने काम कमी, म्हणून भोक तिथे, आणि तेही गोल. कोपरा ठेवला की त्या कोपऱ्यातून चीर सुरू होते. आतून फक्त रंगीत रिमपट्टी दिसते. ती मजबूत हवी, नाहीतर ट्यूब भोकातून बाहेर डोकावते.

यातून मिळतं किती? दीड मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात 20 मिलिमीटर व्यासाची 32 भोकं पाडली, तर साधारण 40 ग्रॅम निघतात. जेमतेम एका लिंबाचं वजन! त्यासाठी रिमचं आयुष्य घटवायचं. भोकाच्या कडेला केसाएवढी चीर दिसतेय का, हे अधूनमधून तपासत राहायचं. मला हा सौदा वेडेपणाचा वाटत नाही, कारण तो करणाऱ्याला मोबदला ठाऊक असतो आणि रिम मोडलीच तर आपटणारही तोच असतो.

आपल्याकडे सायकलवरच्या ओझ्याचा खरा जाणकार म्हणजे डबेवाला. 1890च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या कामाला संघटित रूप दिलं, तेव्हापासून ओझं हाच या व्यवसायाचा रोजचा प्रश्न. त्याच्या जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलला दांडीचे ब्रेक. त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला घासतात, म्हणजे ट्रायल्सवाला ज्या बाजूला भोक पाडतो तीच बाजू इथे कामाला जुंपलेली. शिवाय हँडलपासून कॅरिअरपर्यंत डबे लटकलेले, रस्त्यात खड्डे, वर पावसाळा. या रिममध्ये रिकामा पत्रा शोधूनही सापडायचा नाही.

मग ओझं हलकं झालं कुठे? वाटेत. घरून डबा उचलणारा एक, तो लोकलमध्ये चढवणारा दुसरा, दादरला किंवा लोअर परळला उतरवून घेऊन गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या कचेरीत पोचवणारा आणखी कुणी. प्रत्येकाच्या सायकलला वाटेचा एकेक तुकडाच येतो. त्या तुकड्यात मात्र रिम मोडून चालत नाही, कारण तिच्यावर दुसऱ्यांचं जेवण असतं आणि एकच्या सुमाराला ती माणसं हात धुऊन बसलेली असतात.