‘नाही’ हेही सांगावं लागतं

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पण त्याच्यासाठी तयार केलेली वेबपानं पर्वणी सरली म्हणून आपोआप नाहीशी होत नाहीत. २०१५ साली २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला नाशिकला शाही स्नानं झाली. त्या दिवसांचे वाहनतळ आणि बंद रस्ते सांगणारं एखादं पान २०२७ च्या यात्रेकरूच्या हाती लागलं, तर तो भलतीकडेच जायचा. पान काढून टाकलं की प्रश्न मिटला, असं वाटतं खरं. पण ते गेलं हे शोधयंत्राला कळायला हवं, आणि नसणं कळतं कसं हा प्रश्न आपल्या दर्शनांनी फार बारकाईने हाताळला आहे.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभाव हा सातवा पदार्थ आहे. वस्तू होती आणि नष्ट झाली, हा त्यातला प्रध्वंसाभाव. जमिनीवर घडा नाही हे कळण्यासाठी भाट्ट मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानतात, मात्र एका अटीवर: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात तो दिसला नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. काढलेल्या पानाकडे यायला शोधयंत्राच्या क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, रोबॉट्स फाइलमधून मज्जाव करणारे नेमका हा अंधार करतात. पान नसल्याचा ४०४ हा संकेत त्याला वाचताच येत नाही, आणि जुना पत्ता शोधयंत्राच्या सूचीत राहू शकतो. त्याहून वाईट म्हणजे वाचकाला ‘पान सापडलं नाही’ दाखवून यंत्राला २०० हा ‘सर्व ठीक’चा संकेत पाठवणं. पहिल्यात नुसतं अज्ञान होतं; हे धडधडीत मिथ्याज्ञान झालं.

कोणी म्हणेल, ४०४ आणि ‘कायमचं गेलं’ सांगणारा ४१० यांत गूगल फारसा भेद करत नाही, मग हा काथ्याकूट कशाला? सूचीपुरतं ते मान्य. पण सत्य ऐकणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही. गेल्याचं ठाऊक असताना नुसतं ‘सापडत नाही’ म्हणणं हे अर्धवट बोलणं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पानं अशी काढून आपण इतिहास पुसतो. पण प्रध्वंसाभाव वस्तू होऊन गेल्याचं गृहीतच धरतो. नाशिकच्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, आणि श्राद्धाच्या नोंदीतल्या पूर्वजाला कोणी हयात समजत नाही. तेव्हा २०१५ ची हकिगत सांगणारं पान साल ठळक लिहून खुशाल ठेवावं. ४१० द्यायचा तो आजही ‘गाडी इथे लावा’ म्हणणाऱ्या पानाला.