विकतचा घाम

वसईत एप्रिल लागला की घाम यायला पैसे मोजावे लागत नाहीत. गासच्या वाडीत केळीला पाणी लावणारा माणूस सकाळी नऊलाच चिंब झालेला असतो. तिथून जवळच, नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींतल्या जिममध्ये, व्यायामानंतर दहा-पंधरा मिनिटं वाफेच्या खोलीत बसता यावं म्हणून जास्तीचे पैसे भरणारी मंडळी भेटतात. कधी कधी दोघं एकाच घरातले असतात. वडील वाडीत, मुलगा जिममध्ये. मग 'आमचा घाम फुकट जातो आणि तू विकत घेतोस' हा टोमणा ठरलेला.

या टोमण्यामागे एक नैतिक समजूत आहे: कष्टातून आलेला घाम खरा, बसल्याजागी आलेला लटका. ती तपासून पाहायला हवी.

शरीर असा भेद करत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात घाम काढण्याच्या उपचारांवर एक अख्खा अध्याय आहे. अग्नीच्या मदतीने द्यायच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगून झाल्यावर तिथे अग्नीविना येणाऱ्या स्वेदाचे दहा प्रकार मोजले आहेत. व्यायाम, उबदार खोली, जाड पांघरूण, ऊन, भूक, भीती, राग हे सगळे त्यात एका पंगतीला बसतात.

आजचं शरीरशास्त्रही यापासून फार दूर नाही. सौनामध्ये ८०-९० अंशांची कोरडी हवा असते, त्यामुळे घाम वाळतो आणि माणूस तग धरतो. वाफेच्या खोलीत तापमान ४५च्या आसपासच असतं, पण हवा पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. दोन्हीकडे त्वचेपर्यंत रक्त पोचवण्यासाठी हृदयाला जास्त राबावं लागतं. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. अर्थात, रोज सौना घेण्याइतकी सवड आणि तब्येत ज्यांच्याकडे आहे, ते मुळातच सुस्थितीत असणार, ही शंका अशा निरीक्षणातून पुरती जात नाही. बसून स्नायू बळकट होत नाहीत. काट्यावर घटलेला अर्धा किलो म्हणजे पाणी. दोन ग्लास प्यायलं की ते परत येतं. थोडक्यात, वाफ व्यायामाच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो दारात आहे. वाफेच्या खोलीत गरगरायला लागलं की माणूस उठतो, दार ढकलतो आणि बाहेर येतो. जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर आलेल्या जोडप्याला असं दार नसतं. उठलं तर विटा कमी पडतात आणि उचल फिटत नाही. वाडीत रोजाने खुरपणाऱ्या बाईचंही तेच. टोमणा मारणाऱ्या वडिलांनाही हे लागू आहे. ते घाम गाळतात यात वाद नाही, पण वाडी त्यांची आहे. ऊन चढलं की ते विहिरीजवळच्या सावलीत बसू शकतात. बाईने बसायचं की नाही, ते तेच ठरवतात.

दार नेहमी मालकच बंद करतो असं नाही. फिनलंडमध्ये हेइनोला या गावी सौनात सर्वांत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. २०१०च्या अंतिम फेरीत तापमान ११० अंश होतं आणि दर अर्ध्या मिनिटाला निखाऱ्यासारख्या तापल्या दगडांवर पाणी पडत होतं. शेवटी उरलेल्या दोघांपैकी एक जण मरण पावला, दुसरा भाजून इस्पितळात गेला. स्पर्धा कायमची बंद झाली. तिथे उचल नव्हती, मुकादम नव्हता. उठायला कोणाचीच मनाई नव्हती, पण आधी उठणं म्हणजे हरणं होतं. जिममध्ये 'अजून पाच मिनिटं काढ' म्हणून मित्राला डिवचणारा त्याच खेळाची छोटी आवृत्ती खेळत असतो.

याउलट तानसेच्या काठी, वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर काय चालतं पाहा. दुखरे गुडघे घेऊन आलेली म्हातारी माणसं आधी पाय बुडवतात, चटका बसला की काढतात, पुन्हा बुडवतात. किती वेळ काढला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शरीर नको म्हणालं की विषय संपतो.

म्हणून मुलाने वाफ घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पैसे देऊन तो घाम विकत घेतच नाही; उष्णता सोसायची आणि वाटेल तेव्हा उठायचं, ही मुभा विकत घेतो. दहा मिनिटांनी दार ढकलताना अंगाला जी गार हवा लागते, तिची किंमत त्याला कळलेली असते. तेव्हा वडिलांच्या टोमण्याला उत्तर द्यायचं तर ते वाडीत द्यावं. मे महिन्यात बारा ते तीन काम थांबतं का, पिण्याचं पाणी हाताशी आहे का आणि सावलीत बसलेल्या बाईचा रोज कापला जातो का, हे आधी त्याने घरात विचारावं.