जुन्या घराची डागडुजी : आसक्ती की कर्तव्य?

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न अलीकडे वरचेवर ऐकू येतो. सर्व संस्कार अनित्य आहेत असे आपला धम्म सांगतो, तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे असेही सांगतो. मग सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, घरात दुसरे कोणी राहत नसताना, पडक्या घराच्या डागडुजीत उरलेले दिवस आणि गाठीचे चार पैसे का घालवावेत? ही आसक्ती नव्हे काय? प्रश्न विचारणारे बहुधा त्या माणसाचे मुलगे आणि सुना असतात. प्रश्नामागे काळजी असते, क्वचित जागेचा हिशेबही असतो. तरी प्रश्न खोटा नाही, आणि "म्हाताऱ्यांचा हट्ट" म्हणून तो उडवून लावणेही बरे नाही.

आमच्या परिचयातील एक उपासक घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, पूर्वीच्या महारवाड्यात, त्यांचे दोन खणांचे कौलारू घर आहे. वडिलांनी १९५६ साली नागपूरहून परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, ते याच घरातले. हे स्वतः मुंबईस गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांना पुन्हा दिसली नाही. पुढे वीस-बावीस वर्षे रखवालदारी केली, मुले शिकवली, मुली उजवल्या. पत्नी निवर्तल्यावर ते गावी आले तेव्हा घराची पश्चिमेकडची भिंत पोट काढून उभी होती, चार वासे वाळवीने पोखरले होते आणि पडवीत रानगवत उगवले होते. मुलगा पुण्यास नोकरीस आहे. तो म्हणाला, "दादा, चला तिकडे. तिथे काय राहिलंय?" दादा गेले नाहीत. त्यांनी घमेले आणि थापी विकत आणली.

त्यांचा दिवस कसा जातो हे सांगितले पाहिजे, कारण प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे तिथेच आहे. पहाटे उठून त्रिशरण-पंचशील, मग चूल. कालची भाकरी आणि चहा. ऊन चढण्याच्या आत भिंतीचे काम. माती आधी चार-पाच दिवस पाण्यात भिजत घातलेली असते. तीत गव्हाचा भुसा कालवून ती पायाने मळायची, एक दिवस मुरू द्यायची आणि मग लावायची. ओली माती घाईने लावली तर वाळताना भेगा पडतात, म्हणून एका वेळी बोटभर जाडीचाच थर. जुनी भिंत आधी पाणी मारून ओली करावी लागते, नाहीतर नवा थर धरत नाही. दहाला काम बंद. तरुण गवंडी जी भिंत तीन दिवसांत उरकील तिला यांना माघी पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंतचा काळ लागला. दुपारी सावलीत बसून कौले निवडायची. बोटाच्या पेराने वाजवली की धड कौल खणखणते आणि तडकलेले भद्द वाजते. वाशांचेही तसेच, पोकळ आवाज आला की समजावे आत वाळवी आहे. संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर तासभर. रात्री घर पुन्हा एकटे.

गावात लोक सल्ला देतात. एक म्हणाला, मातीवर सिमेंटचा गिलावा मारून टाका, कायमची कटकट मिटेल. ती मिटत नाही. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. वरून सिमेंट मारले की ओल आत कोंडते, माती आतल्या आत मऊ होते आणि एखाद्या पावसाळ्यात गिलाव्याचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून खाली येतो. दुसरा म्हणाला, अमावास्येला काम काढू नका, वास्तुशांत तरी करून घ्या. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वास्तुशांतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण या गृहस्थांनी एक तारीख मात्र कसोशीने पाळली, ती म्हणजे ७ जून, मृगाची. त्याच्या आत कौले परतून झालीच पाहिजेत. एका तारखेमागे पाऊस आहे, दुसरीमागे केवळ भय आहे. नव्या उपासकांच्या घरी मुलांना हा फरक उलगडून सांगावा.

आता मूळ प्रश्न. आसक्ती कशाला म्हणावे? वस्तू वापरणे, जपणे, दुरुस्त करणे म्हणजे आसक्ती असे भगवंतांनी कोठेही सांगितलेले नाही. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात कुलांविषयी एक सुत्त आहे. भरभराटीस आलेली घराणी का टिकतात आणि का टिकत नाहीत याची चार कारणे तेथे दिली आहेत, आणि त्यांतले एक म्हणजे जीर्ण झालेले दुरुस्त करणे किंवा न करणे. हरवलेले शोधणे, खाण्यापिण्यात प्रमाण राखणे आणि शीलवान स्त्री किंवा पुरुषाच्या हाती कारभार देणे ही उरलेली तीन. भिक्षूंच्या बाबतीतही तेच. महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे थेर पहिल्या संगीतीसाठी जमले. धम्म आणि विनय जतन करण्यासारखे मोठे काम समोर असता त्यांनी वर्षावासाचा पहिला महिना कशात घालविला? विहारांच्या पडझडीची दुरुस्ती करण्यात. मोडके नीट करणे भगवंतांनी वाखाणले आहे, असे ते आपसांत म्हणाले, असे चुल्लवग्गात नमूद आहे. ज्यांनी घरदार सोडले त्यांना छपराची दुरुस्ती कमीपणाची वाटली नाही, मग गृहस्थाने ती आसक्ती समजून सोडावी हे कोणते तर्कशास्त्र?

शिवाय गळके छप्पर म्हणजे वैराग्य नव्हे. धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, हे बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात स्पष्ट सांगितले आहे. आपल्या लोकांना तर याचे विशेष मर्म कळावे. गावची चावडी झाडणे, गावकुसाची पडझड नीट करणे ही महाराची वतनी कामे होती. दुसऱ्यांच्या भिंती दिवसा लिंपायच्या आणि स्वतःच्या झोपडीला हात लावायला अंधार पडावा लागायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, म्हणजे त्यांच्या पश्चात. या गृहस्थांच्या वडिलांनी वतन केलेले होते. त्यांचा मुलगा आज दिवसाउजेडी, कोणी बोलाविल्याशिवाय आणि कोणाला विचारल्याशिवाय, स्वतःची भिंत लिंपतो आहे. याला मी तरी तृष्णा म्हणणार नाही.

तरीही आसक्तीची शंका पूर्ण फिटत नाही, कारण ती भिंतीत नसते, मनात असते. दोन माणसे एकच भिंत लिंपतात. एक म्हणतो, ही माझी, ही कधी पडता कामा नये. दुसरा म्हणतो, या पावसाळ्यापुरती उभी राहू दे. दरवर्षी कौले परतणाऱ्याला अनित्यता वेगळी शिकवावी लागत नाही असे मला वाटते. एकदा स्लॅब टाकून निश्चिंत झालेल्यालाच ती शिकवणे कठीण जाते. (स्लॅबही गळतो, पण तो पंधरा वर्षांनी, आणि तोवर माणूस विसरलेला असतो.) सरकारची रमाई आवास घरकुल योजना आहे, कच्च्या घराच्या जागी पक्के घर मिळते. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांनी तिचा लाभ जरूर घ्यावा, जुन्या मातीचे कौतुक करीत बसू नये. या गृहस्थांना मी विचारले होते. ते म्हणाले, "माझ्यापुरतं हे पुरतं. ज्याच्या घरात लेकरं भिजतात त्याचा नंबर आधी लागू दे." ज्याच्या मनात घर घट्ट रुतून बसले आहे तो असे बोलत नाही.

माझा आक्षेप घराला नाही. तो त्यांच्या एकटेपणाच्या अभिमानाला आहे, आणि इथे मुलाची बाजू मला रास्त वाटते. कौले परतायला ते बाहत्तराव्या वर्षी शिडी लावून एकटे वर चढले. शेजारची बाई खालून ओरडली, "तात्या, खाली या, पोरगं शाळेतून येऊ द्या, त्याला चढवा." तात्या उतरले नाहीत. पुढे कट्ट्यावर विषय निघाला तेव्हा म्हणाले, "आपला धम्मच सांगतो, अत्तदीप व्हा. दुसऱ्याच्या आधारावर राहू नका."

हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे, म्हणून तो कोठे उच्चारला गेला ते पाहू. वैशालीजवळच्या बेलुव गावी भगवंतांचा अखेरचा वर्षावास झाला. तेथे ते कठीण दुखण्यातून उठले होते. आनंदाशी बोलताना त्यांनी सांगितले की आपले वय ऐंशी झाले आहे, आणि मोडकळीस आलेला गाडा जसा बांधून-आवळून कसाबसा चालवावा तसा हा देह चालला आहे. त्याच संभाषणात पुढे अत्तदीप होण्याचा उपदेश येतो. ज्या वृद्धाने तो केला त्याच्याजवळ आनंद होता. त्यापुढच्या कुसिनाऱ्याच्या वाटेवर थकल्यावर चीवर अंथरायला आणि प्यायला पाणी आणायला त्यांनी आनंदालाच सांगितले, आणि त्यात त्यांना संकोच वाटला नाही. म्हणजे अत्तदीप होणे हे विवेकासंबंधी आहे. खरे काय, खोटे काय, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू नका असा त्याचा रोख आहे. शिडी धरायला कोणाला बोलावू नका असा त्याचा अर्थ करणे म्हणजे शब्दाला त्याच्या जागेवरून उखडून काढणे होय.

मज्झिम निकायात घटिकार कुंभाराची कथा आहे. कस्सप बुद्धांची कुटी गळू लागली आणि गवत मिळेना, तेव्हा त्यांनी भिक्षूंना घटिकाराच्या छपरावरचे गवत काढून आणायला सांगितले. घटिकार घरी नव्हता. त्याच्या आंधळ्या, म्हाताऱ्या आईबापांनी आनंदाने ते नेऊ दिले. पुढे त्या उघड्या घरावर तीन महिने पाऊस पडला नाही म्हणतात, तो चमत्काराचा भाग आपण सोडून देऊ. कथेत घेण्यासारखे आहे ते मागणाऱ्याचे निःसंकोच मागणे आणि देणाऱ्याचे निःसंकोच देणे.

आणि एकटे राहणारा माणूस खरोखर एकटा असतो काय? तो शिडीवरून पडला, खुब्याचे हाड मोडले, तर रात्रीच्या गाडीने मुलगा येणार, सून रजा काढणार, शेजारची तीच बाई दवाखान्यात डबा पोहोचवणार. आपल्या धाडसाची किंमत ज्यांना मोजावी लागणार आहे त्यांचे ऐकणे हा दुबळेपणा नाही. म्हणून माझे मत असे की हात पोचतो तितकी भिंत त्यांनी अवश्य लिंपावी, पण छपराचे काम दुसऱ्याकडे द्यावे, पैसे देऊन असो की मागून असो. मुलाच्या बाजूने पाहिले तर सिगालोवाद सुत्तात अपत्याच्या कर्तव्यांत आईबापांना पोसणे आहे आणि त्यांची कामे करणेही आहे. दरमहा पैसे पाठविले की पहिले साधते, दुसरे साधत नाही. मे महिन्यातले दोन रविवार पुण्याहून साताऱ्याला येऊन कौले परतता येतात. "दादा, चला तिकडे" हे म्हणणे त्यापेक्षा सोपे आहे खरे. ते म्हणू नये असे नाही, पण वर्षातून एकदा म्हणावे आणि दादा नाही म्हणाले की शिडीवर स्वतः चढावे.

यंदा मुलगा आला होता. नातूही आला होता, त्याला कौल वाजवून ओळखण्याचा नाद लागला असे ऐकतो.

जाता जाता एका पत्राचे उत्तर. एका नवदीक्षित भगिनीने विचारले आहे की दुरुस्तीच्या वेळी भिंतीतला जुन्या देव्हाऱ्याचा कोनाडा बुजवून टाकावा काय, सासूबाईंना तो तसाच राहिलेला पाहून भय वाटते. बुजवू नये असे मी सुचवीन. जुन्या मातीत नवी माती भरली की ती वाळताना आक्रसते आणि कडेने फट पडते, त्या फटीत मुंग्या आणि उंदीर घर करतात. वर सांगितलेल्या उपासकांनी तो कोनाडा पांढऱ्या मातीने पोतारून ठेवला आहे. त्यात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, चष्म्याचे घर आहे, विजेची बिले आहेत आणि कंदील लावायची काड्यापेटी आहे. सासूबाईंना जमल्यास एकदा तो दाखवून आणावा.