आण्याचे सहा पैसे आणि नदीपलीकडचा भाव

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. तोवर रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा होता. देशभर त्या दिवशी दुकानादुकानांत जी तारांबळ उडाली ती कोगनोळीतही उडाली असणार, त्यात नवल नाही. पण या गावानं पाचच महिन्यांपूर्वी राज्यही बदललेलं पाहिलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि चिक्कोडी तालुक्यातलं कोगनोळी, निपाणीसकट, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. दूधगंगेपलीकडचं कागल मात्र मुंबई राज्यातच राहिलं. कागल हे मूळचं कोल्हापूर संस्थानातलं जहागिरीचं गाव. संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं तेव्हा कुठे ते मुंबई राज्यात आलं होतं. म्हणजे हाकेच्या अंतरावरची ही दोन गावं एका राज्याखाली नांदली ती जेमतेम पावणेआठ वर्षं.

पन्नाशीच्या दशकाचा विषय निघाला की घरोघरी स्वस्ताईची गोष्ट निघते. आण्याला काय यायचं, रुपयात किती दिवस घर चालायचं, हे ऐकता ऐकता नव्या पिढीला आपण चुकीच्या काळात जन्मलो असं वाटू लागतं. सीमेवरच्या गावात ही गोष्ट तपासून पाहायला जास्त वाव आहे. कारण इथे भाव नुसता काळानं बदलत नव्हता, नदी ओलांडली की बदलत होता.

आधी नाण्याचंच पाहू. शंभराला सोळानं भागलं की सव्वासहा येतात, आणि सव्वासहा पैशांचं नाणं कुणी पाडत नाही. म्हणून सरकारनं कोष्टक छापलं: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता ज्याच्या डोक्यात हिशेब पक्का, त्याला यातली मेख लगेच दिसते. एका आण्याचा माल चार वेळा घेतला तर २४ पैसे जातात, तोच एकदम चार आण्यांचा घेतला तर २५. दोन आण्यांच्या खरेदीत अर्धा पैसा गिऱ्हाइकाच्या पदरात, तीन आण्यांच्या खरेदीत पाव पैसा त्याच्या माथी. चहाची पूड, मीठ, तेल असं रोजचं थोडं थोडं नेणाऱ्या गरिबाचा यात फायदा व्हायला हवा होता. कोष्टकाप्रमाणे तो होतच होता. पण सुटे नये पैसे नाहीत म्हणून वरचे दोन पैसे गल्ल्यातच ठेवून घेणं दुकानदाराला जड नव्हतं. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकाच गल्ल्यात नांदली. चवली, पावली, अधेली यांच्या शेजारी एक, दोन, पाच आणि दहा नये पैसे. लढाईच्या काळातला भोकाचा पैसाही अजून कुठे कुठे करगोट्याला बांधलेला सापडायचा. ‘नया’ हा शब्द पैशापुढून सरकारनं काढला तो १ जून १९६४ ला, तोवर पैसा नवा राहिलाच नव्हता.

पोस्टकार्डाचंही तसंच. ते नऊ पैंना, म्हणजे पाऊण आण्याला मिळायचं. त्याचे काटेकोर चार पूर्णांक एकोणसत्तर शतांश नये पैसे होतात. सरकारनं पाच केले. तक्रार करावी इतका हा फरक मोठा नव्हता, आणि म्हणूनच कुणी केली नाही.

वजनांची पाळी त्यानंतर आली. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं ठरली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं बाजारात आली आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्यातून गेले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण म्हणजे सव्वासदतीस किलोंहून थोडा जास्त. शहरात एवढं पाठ केलं की भागत होतं. खेड्यात धान्य वजनानं कमी आणि मापानं जास्त चाले: पायली, शेर, मापटं, चिपटं. बलुतं मापानं, मजुरी मापानं, उसनवारी मापानं. किलोचं लोखंडी वजन दुकानात आलं, पण कणगीजवळचं लाकडी मापटं हललं नाही. बाईनं शेजारणीकडून नेलेली ज्वारी शीग लावून परत करायची, हे कुठल्याच कायद्यात नव्हतं आणि कुठल्याच कायद्यानं गेलं नाही.

तंबाखूचा मामला वेगळा. निपाणी भागातली विडीची तंबाखू हे या पट्ट्याचं रोख पीक, घरात वर्षाकाठी एकरकमी पैसा येई तो तिचाच. १९४३ मध्ये दिल्लीच्या सरकारनं तंबाखूवर अबकारी कर बसवला आणि तेव्हापासून शेतकऱ्याच्या खळ्यात एक्साइजचा माणूस आला. किती लावली, किती निघाली, कुठल्या वखारीत गेली, सगळं कागदावर. ज्वारी किती पिकली हे शेजाऱ्यालाही न सांगणारा माणूस तंबाखूचा हिशेब परक्या अधिकाऱ्याला देऊ लागला. मुंबई जाऊन म्हैसूर आलं तरी यात काही बदललं नाही, कारण हा कर केंद्राचा होता. राज्य बदलल्यानं जग बदललं असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी, आणि काहीच बदललं नाही म्हणणाऱ्यांनी तांदळाकडे पाहावं.

१९५७ साली केंद्र सरकारनं आंध्र, मद्रास, केरळ आणि म्हैसूर या चार राज्यांचा मिळून दक्षिण तांदूळ विभाग केला. विभागाच्या आत व्यापार मोकळा. विभागाबाहेर खासगी व्यापाऱ्याला तांदूळ न्यायला बंदी. नकाशावर हा निर्णय समंजस दिसतो. कोगनोळीत त्याचा अर्थ असा झाला, की वर्षभरापूर्वी निपाणीच्या बाजारातून कागलला गेलेलं पोतं हा व्यापार होता, आता तेच पोतं त्याच रस्त्यानं गेलं तर चोरटी वाहतूक. केरळातलं त्रिवेंद्रम आत आणि दूधगंगेचा पल्याडचा काठ बाहेर. पुढे साठीच्या दशकात महाराष्ट्रानं ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली तेव्हा पलीकडूनही असाच पहारा बसला. दोन राज्यांच्या भावांत फरक पडला की माल वाट शोधतोच. डोक्यावरून, सायकलवरून, पाहुण्याच्या पिशवीतून. त्याला गुन्हेगारी म्हणायचं की जुनी सोयरीक, हे पाहणाऱ्यानं ठरवावं.

आता स्वस्ताईकडे. १९५६-५७ च्या सरकारी शेतमजूर चौकशीत देशभरातल्या रोजंदारीवरच्या पुरुषाची सरासरी मजुरी दिवसाला ९६ नये पैसे निघाली आणि बाईची ५९. सहा वर्षांपूर्वीच्या चौकशीत हेच आकडे १०९ आणि ६८ होते, म्हणजे मधल्या काळात मजुरी चक्क उतरली होती. या आकड्यांशेजारी त्या काळचे भाव ठेवले की चित्र पालटतं. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईच्या मजुरीत अकरा पोस्टकार्डं येत. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या नवऱ्याला खुशाली कळवायची तर तासाभराची मजुरी एका कार्डात जाई. रेडिओचा वार्षिक परवाना १५ रुपयांचा. पुरुषाला त्यासाठी सोळा दिवस राबावं लागे, बाईला पंचवीसहून अधिक, आणि हा नुसता परवाना. रेडिओ आणि त्याची बॅटरी वेगळी. सोनं मात्र खरोखर स्वस्त होतं. तोळा शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे पुरुषाच्या शे-सव्वाशे दिवसांच्या मजुरीइतका. आज तोळ्यासाठी मजुराला त्याच्या दुपटीहून जास्त दिवस घालावे लागतील. तेव्हा आजीच्या गोष्टीतली सोन्याची स्वस्ताई खरी आणि बाकीची बरीचशी, ज्यांच्या हाती पैसा होता त्यांची.

रेडिओ म्हणूनच आधी घरात आला नाही. तो पंचायतीत, दुकानात किंवा एखाद्या वखारवाल्याच्या ओसरीवर आला. वीज नसलेल्या घरात बॅटरीवरचा व्हॉल्व्हचा सेट, त्याच्या मागून छपरावर गेलेली एरियलची तार आणि पोस्टातून शिक्का मारून आणलेलं परवान्याचं पुस्तक. त्यावर ऐकू काय यायचं? ८ जानेवारी १९५० ला धारवाडचं केंद्र सुरू झालं, २ ऑक्टोबर १९५३ ला पुण्याचं. धारवाडवर कानडी, पुण्यावर मराठी. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रानं गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आठवड्याला एक गीत अशा बेतानं लावलं. फडके कोल्हापूरचे, त्यामुळे या भागाला ते घरचंच वाटलं तर त्यात चूक नाही. याच सुमाराला मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आवळली होती; परिणाम एवढाच झाला, की दर बुधवारी रात्री आठ वाजता काटा सिलोनकडे फिरू लागला. बिनाका गीतमाला ३ डिसेंबर १९५२ पासून चालू होती. सरकारनं १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढली ती शहाणपण सुचल्यावर.

एक प्रसंग मात्र विसरण्याजोगा नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं चालवली: दीडशे गावं, आठवड्यातून दोन कार्यक्रम, ऐकून झाल्यावर चर्चा आणि चर्चेचं टिपण परत पुण्याला. जिल्हे पाच: पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. राज्यपुनर्रचनेला अजून आठ महिने होते, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. पण या यादीत तो नव्हता. कागल ज्या जिल्ह्यात तो यादीत, कोगनोळी ज्या जिल्ह्यात तो नाही. सीमा कायद्यानं आखली जाण्याआधीच एखाद्या कचेरीतल्या टाचणात तिचा धागा सुटलेला दिसतो. या भागाला जवळचं मराठी केंद्र मिळालं ते थेट १९६३ साली, सांगलीचं.

बातमीचा रस्ता डांबरी होता. निपाणीला रेल्वे नाही, तेव्हाही नव्हती, त्यामुळे वर्तमानपत्र येई ते पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या मोटारीतून. कोल्हापूरहून ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’, बेळगावहून बाबूराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’. दोन्ही मराठी, दोन्ही संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. १ नोव्हेंबर हा दिवस म्हैसूरमध्ये राज्योत्सवाचा आणि या पट्ट्यात काळ्या दिनाचा झाला, त्याला या दोन पत्रांचा हातभार होता. अंक एक, वाचणारा एक, ऐकणारे वीस-पंचवीस. वाचता वाचता वाचणारा आपलं मतही मिसळून देई आणि कुणाला ते वेगळं काढता येत नसे.

करमणुकीच्या बाबतीत मात्र राज्याचं काही चाललं नाही. करमणूक कराचा मुंबईचा १९२३ चा कायदा जाऊन म्हैसूरचा १९५८ चा आला, तंबूतल्या सिनेमाच्या तिकिटावरची कराची ओळ बदलली, पडद्यावरचा सिनेमा कोल्हापूरचाच राहिला. आणि तो नुसता कोल्हापूरचा नव्हता. ‘जय मल्हार’ (१९४७) आणि ‘राम राम पाव्हणं’ (१९५०) काढणारे दिनकर द. पाटील निपाणीजवळच्या बेनाडीचे. मराठी ग्रामीण चित्रपटाला जी भाषा आणि जो पाटील लाभला, त्यातला बराचसा ऐवज याच चिक्कोडी तालुक्यातला आहे. कुस्तीचंही तेच. १९५९ साली दिल्लीत हिंदकेसरी झाला तो श्रीपती खंचनाळे, गाव एकसंबा, तालुका चिक्कोडी, राज्य म्हैसूर, तालीम कोल्हापूरची. त्याच्या विजयाचा आनंद कुठल्या राज्यानं करायचा हा प्रश्न आखाड्यात कुणाला पडला नाही.

सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सुचवलं. तसं झालं नाही. म्हैसूरचं नाव १९७३ ला कर्नाटक झालं, आणि पन्नाशीत तांदळाच्या पोत्यावर होती ती नजर आता कोगनोळीच्या टोलनाक्यावर, अधूनमधून पुढाऱ्यांच्या गाड्यांवरही असते. भावातला फरक तेवढा पार बुजलेला नाही. २०२५-२६ साठी रोजगार हमीची केंद्रानं ठरवलेली मजुरी कर्नाटकात दिवसाला ३७० रुपये होती आणि महाराष्ट्रात ३१२. एकच खोरं, एकच काळी जमीन, एकच खुरपं. कोगनोळीच्या बाईला कागलच्या बाईपेक्षा ५८ रुपये जास्त.