बांधापलीकडचा पाऊस

वैशाख सरत आला की मराठवाड्यातल्या शेतवस्तीवर सगळे बोलणे पाण्यापाशी येऊन थांबते. विहिरीने तळ गाठलेला असतो, कडब्याची गंजी निम्म्यावर आलेली असते आणि टँकर आज येणार की परवा, हे कुणीच सांगू शकत नाही. अशा एखाद्या दिवशी दुपार कलताना आभाळ अंधारून येते, वावटळ उठते आणि वळीव कोसळतो. अर्ध्यापाऊण तासाचा हा पाऊस. पण एका एकरावर 20 मिलिमीटर पडला तरी ते 80 हजार लिटर पाणी झाले, म्हणजे 10 हजार लिटरचे आठ टँकर. नांगरून तापत टाकलेल्या रानातली ढेकळे फुटतात, कुळव धरता येतो, गोठ्यातली धग उतरते. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून सहज निघते, ‘देव पावला.’ या दोन शब्दांचा अर्थ कसा लावायचा, हा श्रद्धेच्या मुळाशी जाणारा प्रश्न आहे. आपण केलेल्या कशाचे तरी फळ पदरात पडले, की कमावलेले नसतानाही मिळाले? मला दुसरा अर्थच खरा वाटतो, आणि पहिला अर्थ नुसता चुकीचा नाही तर निर्दय आहे असे वाटते.

वळवाचा पाऊस सलग पडत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा बाष्प घेऊन वर चढते, तिचा एखादा उंच ढग होतो आणि तो जिथे फुटेल तिथे बरसतो. म्हणून एका शिवारातला ओढा वाहू लागतो आणि शेजारच्या शिवारात धूळसुद्धा बसत नाही. शिवाय ज्या सरींनी एकाचे रान ओले केले, त्याच सरींनी दुसऱ्याचा काढून ठेवलेला कांदा भिजतो, आंब्याचा सडा पडतो. पाऊस हे पुण्याचे फळ मानले, तर बांधापलीकडच्या कोरड्या माणसाला त्याचे पाप दाखवून द्यावे लागेल. हे कोण करील? 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्याला लेखी विरोध केला आणि गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. अस्पृश्यतेबद्दल दोघांत मतभेद नव्हता. पण भूकंपाने सवर्णांची घरे निवडून पाडली नव्हती. आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. तिच्या वाट्याला ही कसली शिक्षा? तुकोबांनी स्वतः त्या दुष्काळाला बरे म्हटले, कारण त्या पीडेने त्यांना विठ्ठलाकडे वळवले. हा आक्षेप कुणी घेईल. पण तुकोबा बोलत होते ते स्वतःच्या दुःखाविषयी. आपल्या दुःखात देवाचा हात पाहण्याचा हक्क ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याच्या दुःखावर तोच अर्थ लादण्याचा हक्क कुणालाच नाही.

यावर भाविक माणूस गीतेचा तिसरा अध्याय पुढे करील: यज्ञातून पाऊस, पावसातून अन्न, अन्नातून प्राणी. इथे तर सरळ देवघेव सांगितली आहे. मला तसे वाटत नाही. त्याच ठिकाणी केवळ स्वतःपुरते शिजवणारा पाप खातो असेही म्हटले आहे. म्हणजे भर आहे तो मिळालेले पुढे देण्यावर. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत विनोबांनी यज्ञाचा अर्थ फार साधा करून सांगितला. आपण सृष्टीकडून घेतो, वापरतो, त्याने तिची झीज होते; ती झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ. या अर्थाने पाहिले तर यज्ञ म्हणजे पावसाची आगाऊ किंमत मोजणे ठरत नाही. घेतल्यानंतर आपल्यावर जे येते, ते तो सांगतो. लोकाचारात दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदतात. महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवायची, म्हणजे देवाला कोंडीत धरायचे. ‘देव पाण्यात घालून बसणे’ या शब्दप्रयोगातही तीच अडवणूक आहे. पण कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून पाऊस मागत फिरणारा धोंडी दारात आला की बाई दुष्काळातली घागर त्याच्या डोक्यावर रिती करते. मागण्याआधी ती देते, आणि जे सगळ्यात कमी आहे तेच देते. मला या घागरीत अधिक धर्म दिसतो.

ढग कसा तयार होतो हे कळल्यावर आभार मानण्यात काय अर्थ, असेही विचारले जाते. पण बाष्पाची वाट समजली म्हणून ते बाष्प आपण आणले असे होत नाही. आईच्या दुधात काय काय असते हे कळल्याने तिचे देणे फिटत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. पाऊस आपल्या कमाईचा नसेल, तर माणसाने हात जोडून बसायचे काय? इथे पाऊस आणि दुष्काळ यांत फरक करायला हवा. पाऊस कमी पडणे आपल्या हातात नाही. पण कमी पावसाच्या प्रदेशात ऊस लावणे, बोअरवर बोअर घेऊन भूजल उपसणे, टँकर आधी कुणाच्या दारी जाईल हे ठरवणे, हे सारे माणसांचे आहे. त्याला दैवाचे नाव देणे म्हणजे देवावर आळ घेणे. जे कमावलेले नाही त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही; ‘देव पावला’ म्हणणाऱ्याला हे आधी पटले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे व्यवहारात आणले. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे, उसासारखी पिके बंद आहेत. पाऊस संपला की किती मिलिमीटर पडला याची नोंद ग्रामसभेपुढे येते. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते सगळे मिळून ठरवतात.