पुसलेल्या छायाचित्राचा अभाव

एखादी वस्तू नष्ट झाली असे म्हणताना तिच्याविषयी नेमके काय सांगितले जाते, हा भारतीय दर्शनांतील जुना वादविषय असून घट, पट आणि भूतल या ठरलेल्या उदाहरणांबाहेर त्याची परीक्षा पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मे 2024 मध्ये असा एक प्रसंग घडला. ॲपल कंपनीने 13 मे रोजी आयफोनसाठी आयओएस 17.5 ही आवृत्ती उपलब्ध केल्यानंतर काही वापरकर्त्यांना आपण पूर्वी, आणि काहींच्या बाबतीत तर कित्येक वर्षांपूर्वी, डिलीट केलेली छायाचित्रे फोनच्या संग्रहात पुन्हा दिसू लागली. त्यांपैकी काही तर आताच जमा झाल्याप्रमाणे अगदी ताज्या छायाचित्रांच्या रांगेत येऊन बसली होती. 20 मे रोजी आलेल्या 17.5.1 या आवृत्तीसोबत कंपनीने सांगितले की, डेटाबेसमधील बिघाडाची झळ लागलेली छायाचित्रे पुसलेली असूनही संग्रहात परत येऊ शकत होती, आणि क्वचित उद्भवणारा हा दोष आता दूर केला आहे.

या घटनेचा तात्त्विक विचार करण्यासाठी फोनमधील व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. छायाचित्राची प्रत्यक्ष फाइल आणि तिची डेटाबेसमधील नोंद या दोन वेगळ्या गोष्टी असून वापरकर्त्याला पडद्यावर जे दिसते ते नोंदीच्या आधारे दिसते. पुसलेले छायाचित्र प्रथम ‘अलीकडे हटवलेले’ या कप्प्यात जाते, तेथे त्याच्यावर उरलेल्या दिवसांचा आकडा उमटतो, आणि साधारण 30 दिवसांनी ते कायमचे काढले जाते अशी योजना असते. ग्रंथालयाच्या सूचीतून एखाद्या पुस्तकाचे पत्रक गहाळ व्हावे आणि पुस्तक मात्र फडताळातच राहावे, तसे नोंद बिघडलेल्या फाइलींचे होऊ शकते. दोन्ही आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या सुरक्षा-अभ्यासकांना असे आढळले की, फाइलींमध्ये शोध घेऊन सापडलेली छायाचित्रे संग्रहात पुन्हा दाखल करणारा भाग नव्या आवृत्तीतून काढून टाकला आहे.

न्याय-वैशेषिक परंपरा अभावाला, म्हणजे वस्तूच्या नसण्याला, स्वतंत्र पदार्थ मानते आणि त्याचे प्रकार पाडते. उत्पत्तीपूर्वीचे नसणे हा प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. नाशानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव; त्याला आरंभ आहे, पण अंत नाही, कारण ध्वंसाचाच शेवट होऊ शकला तर फुटलेला घट पुन्हा उभा राहील. या कसोटीवर निष्कर्ष सरळ निघतो: जे परत आले त्याचा ध्वंस झालेलाच नव्हता. तथापि ते मधल्या काळात दिसत नव्हते, ही गोष्टही खोटी नाही. जमिनीवरून उचललेला आणि नंतर त्याच जागी आणून ठेवलेला घट मधल्या काळात तेथे नसतो, त्या नसण्याला काय म्हणावे, हा प्रश्न नैयायिकांपुढेही होता. विश्वनाथ पंचाननाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याविषयी काहींचे असे मत नोंदवले आहे की, उत्पन्नही होतो आणि संपतोही असा हा आणखी एक अभाव आहे. त्यालाच सामयिकाभाव म्हणतात. संग्रहातून नाहीशा झालेल्या त्या छायाचित्रांना हेच वर्णन चपखल बसते, कारण अभाव संग्रहात होता, फोनमध्ये नव्हता, आणि पडदा मात्र पहिल्या अभावावरून दुसऱ्याची खात्री देत होता.

सांख्यांना या घटनेत आपल्या मताची पुष्टी दिसेल. सत्कार्यवादानुसार, म्हणजे कार्य कारणात आधीपासूनच असते या मतानुसार, नाश हा कारणात झालेला लय, निव्वळ तिरोभाव असतो. परंतु येथे फाइल आपल्या कारणात लीन झालेली नव्हती. ती फाइल म्हणूनच पडून होती. उलट, स्मृतिचिपेतील ज्या विद्युतभारांच्या रचनेमुळे छायाचित्र टिकते ती रचना एकदा मोडली की कोणतीही नवी आवृत्ती ते परत आणू शकत नाही, आणि तेव्हा सांख्याने ते अव्यक्त रूपात आहे असे म्हटले तरी पुसणाऱ्याच्या दृष्टीने नैयायिकाच्या ध्वंसाहून त्यात काही फरक उरत नाही. योगभाष्यातील भाजलेल्या बीजाची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते: भाजलेले बी दिसायला बीच असते, पण त्याची अंकुरण्याची शक्ती गेलेली असते. आयफोन पूर्णपणे पुसताना प्रत्येक साठा कोरा करत बसावे लागत नाही. सांकेतिक रूपात ठेवलेली माहिती उलगडणारी किल्ली नष्ट केली जाते आणि मागे उरलेले अंक निर्बीज होतात.

मात्र नाशाचे स्वरूप ठरले म्हणून पुसण्याच्या कृतीचा उलगडा होत नाही, कारण ती कृती दोघांमध्ये वाटलेली असते. मीमांसकांनी देवतेला उद्देशून द्रव्यावरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडण्याला याग म्हटले आणि ते द्रव्य अग्नीत टाकण्याला प्रक्षेप. प्रक्षेप ऋत्विज करू शकतो, पण त्याग यजमानाचाच असतो. छायाचित्र पुसताना त्याग माणसाचा असतो आणि त्याची तड लावणे यंत्राकडे असते. तुटलेल्या नात्याचे किंवा आजारपणातील चेहऱ्याचे छायाचित्र नकोसे झाल्यावर त्याने घेतलेला निर्णय बोट उचलताच पूर्ण होतो, फाइल उरली म्हणून तो अपुरा ठरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, स्वत्व सोडले असेल तर वस्तू बेवारस झाली आणि ती ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. मीमांसेतच त्याचे उत्तर आहे. ज्याचा उपयोग संपला त्या द्रव्याचेही काय करायचे हे विधीने ठरलेले असते आणि अशा विहित विल्हेवाटीला प्रतिपत्तिकर्म म्हणतात. सोडलेले द्रव्य ऋत्विजाच्या मर्जीवर सोडलेले नसते. गमावलेले छायाचित्र अवचित हाती आल्याने एखाद्याला आनंद होईलही, पण त्या आनंदाने दुसऱ्याचा त्याग मोडण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमाने आणि भारताच्या 2023 च्या कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे, तो माहिती बाळगणाऱ्या संस्थांना समोर ठेवून; माणसाच्या स्वतःच्या खिशातील यंत्राकडूनही तीच अपेक्षा करावी लागते. म्हणून 17.5 च्या दोषाला केवळ साठवणुकीतील गफलत म्हणणे अपुरे आहे. फाइल मागे राहिली तोवर प्रतिपत्ती फक्त अपूर्ण होती. ती पुन्हा समोर मांडली गेली तेव्हा माणसाने पूर्ण केलेला त्याग त्याला न विचारता रद्द ठरवला गेला, आणि पुसण्याची सोय देणाऱ्याचे उत्तरदायित्व नोंद काढण्यापाशी न संपता प्रतिपत्तीपर्यंत जाते, हे त्यातून स्पष्ट होते.