जाताना सोडलेलं, येताना भरलेलं

कपाटातून एक जुनं वस्त्र काढा. आईची, सासूची, आजीची साडी असेल तर उत्तम. नसेल तर हातमागाची ओढणी, उपरणं, अगदी पंचाही चालेल. छापील नको, विणलेलं हवं. घर नवी मुंबईत असेल तर फार शोधावं लागणार नाही. १९७० साली सिडको आली, पुढे वाशी-नेरुळ-बेलापूरचे नोड उभे राहिले, आणि राहायला आलेल्या माणसांनी भांड्याकुंड्यांबरोबर आपापल्या मुलखाचे काठही आणले. एका मजल्यावर कोल्हापूरकडून आलेल्यांची इरकल, समोरच्या दारात विदर्भातली करवतकाठी, वर कुणाकडे केरळची कसवू. आगरी-कोळ्यांच्या घरांत लुगडी तर त्याआधीपासूनची. शहर आखून बांधलेलं आहे, कपाटं मात्र कुणी आखलेली नाहीत.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या. नवी नक्षी सुचावी म्हणून बसलेला माणूस हल्ली आधी तोच उघडतो, आणि तिथे हजार नक्ष्या एकाच मापात, एकाच बाजूने दिसतात. आज आपल्याला वस्त्राच्या दोन्ही बाजू लागणार आहेत.

खिडकीजवळ जमिनीवर बसा. वस्त्र मांडीवर घ्या, डोळे मिटा. बाहेर हार्बरची लोकल जाईल, कुणाच्या तरी घरात ड्रिल मशीन चालू असेल. चालू द्या. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कापड धरून अंगाकडून काठाकडे सावकाश जा. एका जागी वीण बदलते, कापड जड होतं, थोडं ताठ होतं. त्या जागेवर बोट थांबवा. पुन्हा मागे या, पुन्हा पुढे जा. डोळ्यांना ही सीमा रंगामुळे लगेच कळते, बोटांना ती शोधावी लागते.

हातात इरकल असेल तर पदराकडे वळा. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावच्या या साडीत अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. विणकर हे दोन ताणे एकमेकांत फास अडकवून, धाग्याला धागा जोडत नेतो. त्यामुळे मागावर एका वेळी एकाच साडीचा ताणा चढतो. दहा साड्यांचा लांब ताणा लावून मोकळं होता येत नाही. एवढा खटाटोप कशासाठी, तर लाल पदर अंगाच्या रंगात मिसळू नये, शुद्ध लाल राहावा, आणि त्यावर पांढरे कंगोरे उठून दिसावेत. जोडाची ती रेघ बोटाखाली येते का पहा. आली तर तिथेच काही श्वास काढा.

आता डोळे उघडा. मोर दिसला तर ‘मोर’ म्हणू नका. कमळ, कोयरी, हंस ही नावंही थोडा वेळ बाजूला ठेवा. नाव घेतलं की पाहणं संपतं. एकच वळण निवडा, मोराची मान किंवा पानाची कड, आणि कापड डोळ्यांजवळ आणा. वळण म्हणून जे दिसत होतं ते मुळात पायऱ्या आहेत: तीन धागे वर, एक बाजूला; दोन वर, एक बाजूला; एक वर, दोन बाजूला. विणकराकडे गोल रेघ नसतेच. त्याच्याकडे उभे आणि आडवे धागे असतात, आणि गोलाई त्यांच्यातून मोजून काढावी लागते. बोटाच्या नखाने त्या पायऱ्या चढा. घाई केलीत तर मोजणी चुकेल. मग पुन्हा खालून सुरू करा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तुमच्यासाठी जे काही आहे ते बहुतेक याच पायऱ्यांवर आहे. बोरूने सहज वळवलेली कोयरी गुळगुळीत असते. मोजून काढलेल्या कोयरीला एक हट्टी टोकेरीपणा येतो, आणि तो कुठल्याही कलाकाराच्या आवडीनिवडीतून आलेला नसतो.

वस्त्र उलटं करा. हाताने विणलेली पैठणी असेल तर मागची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, पुढच्या मुनियेइतकीच नेटकी दिसेल, कारण प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्या हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परत फिरतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबकळतात. बाजारात खरेपणा तपासायची ही खूण सगळ्यांना ठाऊक आहे. पण आज काही तपासायचं नाही, नुसतं पाहायचं आहे. मागची बाजू अस्ताव्यस्त असेल तरी वाईट वाटून घेऊ नका. रंग कुठून निघून कुठे लपत गेला, ते तिथे उघड वाचता येतं. माझं मत विचाराल तर नवशिक्याने पुढच्या बाजूपेक्षा हीच बाजू जास्त वेळ पाहावी.

यानंतर सुई लागेल. साध्या, जाड विणीच्या कापडाचा तुकडा आणि गडद दोरा घ्या. इरकलीवर उत्तर कर्नाटकातल्या बायका जो कशिदा काढत आल्या, ती कसुती. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असे तिचे आकार. कापडावर आधी काही रेखाटायचं नाही, फक्त धागे मोजायचे; गाठ मारायची नाही. त्यातल्या गवंती टाक्याची रीत अशी: चार धागे वर, चार खाली, पुन्हा चार वर, असा धावदोरा घालत जायचं. टोकाला पोचलात की मागे पहा. रेघ तुटक आहे. निम्मी जागा रिकामी.

इथे थांबा. सुई खाली ठेवा. ही तुटक रेघ म्हणजे अर्धवट राहिलेलं काम नव्हे, ती जाण्याची वाट आहे. अनुभवी बाई हत्तीच्या सोंडेकडे निघते तेव्हाच तिला माहीत असतं की सोंडेच्या टोकावरून आपल्याला त्याच वाटेने मुख्य रेघेवर परतायचं आहे, आणि आत्ता सोडलेली प्रत्येक जागा तेव्हा भरायची आहे.

आता सुई उचला आणि परत या. सोडलेल्या प्रत्येक फटीत एक टाका. शेवटी दोन्ही बाजूंना एकच अखंड रेघ दिसेल. दिसली नाही, तर कुठेतरी चाराऐवजी पाच धागे उचलले गेले आहेत.

रिकाम्या जागेचा विषय निघाला की मला प्रभाकर बरवे आठवतात. अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले, जे. जे.त शिकलेले हे चित्रकार १९६१ ते १९८२ अशी दोन दशकं विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. काही वर्षं बनारसला, मग मुंबईत. हातमागाला नव्या नक्ष्या पुरवणं हे त्या केंद्राचं काम. भास्कर कुलकर्णीही त्याच केंद्राचे, मधुबनी आणि वारली चित्रांना बाहेरच्या जगापर्यंत नेणारे. बरव्यांच्या चित्रांत एक पान असतं, एक घड्याळ असतं, आणि त्यांच्यामध्ये सपाट, मोठी, न बोलणारी जागा. दोन बुट्ट्यांमध्ये किती अंतर ठेवायचं याचा रोजचा विचार हातात मुरला की असं होत असावं, असा माझा तर्क. चित्रनिर्मितीवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावही ‘कोरा कॅनव्हास’ आहे. वारली माणसं खच्चून भरलेले कुडते हल्ली दुकानोदुकानी दिसतात, तेव्हा हे अंतर कुठे गेलं असं वाटत राहतं.

तेव्हा मांडीवरच्या वस्त्राकडे पुन्हा वळा आणि या वेळी बुट्टी पाहू नका. दोन बुट्ट्यांमधली जागा पहा. तिला आकार आहे. चारही बाजूंच्या बुट्ट्यांनी तिची कड कापून काढली आहे. तोच आकार साडीभर पुन्हा पुन्हा येतो, आणि विणकराने तो एकदाही विणलेला नाही.

जमलं तर दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सकाळी चालून या. चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेल्या या वसाहतीची आखणी नक्षीसारखीच आहे: साधारण आठ मीटर चौरसाच्या अंगणाभोवती सात घरं, असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचा मोठा पुंजका आणि त्याचं मोठं अंगण, पुढे तेही तिनाच्या पटीत. दोन घरांना सामाईक भिंत नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर वाढवता आलं. लोकांनी ते मनसोक्त वाढवलं. कित्येक मूळ घरं तर ओळखूच येत नाहीत. पण अंगणं पहा. बुट्ट्या बदलल्या तरी त्यांच्यातली जागा बरीचशी तशीच आहे.

घरी येऊन चौकटींचा कागद घ्या. नवी मुंबईत राहणाऱ्याला रोहित पक्षी काढायचा मोह होणारच. शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवतं आणि भिंतोभिंती त्यांनी गुलाबी झाल्या आहेत. पक्षी काढू नका. खाडीत उभ्या असलेल्या दोन पक्ष्यांच्या मानांमध्ये पाण्याचा जो तुकडा दिसतो, तेवढाच चौकटी भरून काढा. पायऱ्या मोजत. तो आडवा चार वेळा मांडा, खालच्या ओळीत अर्ध्या अंतराने सरकवून पुन्हा चार वेळा. काय उमटतं ते कागदावर दिसेल, माझ्या सांगण्यात नाही.

आणि बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हातमागाचं प्रदर्शन लागलं की तो कागद घेऊन जा. गर्दी नसताना, दुपारी. मागावर बसणारा कुणी भेटला तर त्याला दाखवा. तो कौतुक वगैरे करत बसणार नाही. कुठला बाणा जास्त लांब मोकळा राहील आणि बांगडीत अडकेल, ते बोट ठेवून सांगेल. त्याआधी मात्र विचारेल, रुंदीला ताणे किती धरलेत? उत्तर तयार ठेवा.